छत नसलेली थंडी

कोल्ड स्टोरेजमधले सगळे त्याला थंडोबा म्हणत. एक तर तो सव्वीस वर्षं उणे बावीस अंशांत काम करत आला होता, आणि दुसरं म्हणजे त्याला कशाची घाई म्हणून नसे. मागे फोर्कलिफ्टवाला हॉर्न वाजवून वाजवून बेजार झाला तरी खोक्यांवरचे आकडे वाचून होईपर्यंत हा जागचा हलायचा नाही. गोठवलेला वाटाणा कुठल्या रांगेत, मासे किती उंचीवर, आइसक्रीमचे डबे कुठल्या कोपऱ्यात, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

त्यामुळे थंडी या विषयावर घरात आणि गल्लीत त्याचाच शब्द शेवटचा. कुणी डोंगरात जायला निघालं की आधी त्याच्याकडे यायचं. मोजे दोन घालू की तीन, टोपी लोकरीची बरी की कापसाची, हा बसल्या जागी निकाल देऊन मोकळा. गंमत अशी, की या माणसाने जन्मात बर्फ पडताना पाहिला नव्हता. एकदा जेवताना तो सहज बोलून गेला, "सव्वीस वर्षं थंडीत काढली, पण छत नसलेली थंडी काही बघायला मिळाली नाही." बायकोने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. लेकीने मात्र धरून ठेवलं.

लेक नकाशे काढण्याच्या ऑफिसात कामाला होती आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहत होती. ऑक्टोबरातल्या एका रविवारी ती काखेत गुंडाळी मारून आली आणि जेवणाच्या टेबलावरच्या ताटल्या बाजूला सारून तिने नकाशा पसरला. अर्धा नकाशा पांढरा होता. मध्ये निळी तळी, थोडी हिरवी रानं, आणि गावाचं नाव म्हणाल तर औषधालाही नाही.

"बाबा, फेब्रुवारीत आठ दिवस आपण इथे. तू आणि मी. कुत्री ओढतात त्या बर्फगाडीने जायचं. पाच रात्री लाकडी झोपडीत आणि दोन रात्री या तळ्यावर, तंबूत."

"तळ्याच्या काठावर म्हणजे?"

"काठावर नाही रे, तळ्यावर. गोठलेलं असतं. वरून ट्रक जातो म्हणे."

"फेब्रुवारीच का?" बायकोने विचारलं. ती घरी बसून लोकांचे कपडे अंगाबरोबर करून द्यायची, चेन बदलून द्यायची, आणि बोलताना तोंडात टाचणी असली तरी तिचा प्रत्येक शब्द स्पष्ट यायचा. "जरा ऊन पडू दे की त्या बिचाऱ्या तळ्यावर."

"मला सुट्टी तेव्हाच आहे," लेक म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

थंडोबाने नकाशावर बोट ठेवलं. आतून त्याला उकळ्या फुटत होत्या. आणि त्याच वेळी टेबलाखाली तो उजव्या पायाची बोटं हलवून बघत होता. हलत होती. फक्त हललेली कळत नव्हती.

हे गेल्या उन्हाळ्यापासून चाललं होतं. आधी दोन बोटं बधिर झाली, मग पाचही, मग डावा पाय. चपला घातल्या की नाहीत हे खाली बघून ठरवावं लागे. त्याने याचा कुणाला थांगपत्ता लागू दिला नव्हता. कारण त्याच्या वडिलांची सुरुवात अशीच झाली होती. आधी बोटं, मग साखर, मग एक साधी जखम, आणि वर्षाच्या आत गुडघ्याखाली पाय नाही. थंडोबाने ते सगळं जवळून पाहिलं होतं. डॉक्टरकडे जायचं म्हणजे ते शब्द ऐकायचे, आणि ते ऐकायची त्याची छाती नव्हती. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं म्हणून तो रोज सकाळी पोलादी टोकाचे बूट आवळून कामावर जाई.

तयारी सुरू झाली. रोज संध्याकाळी पाठीवर पिशवी लावून आठ मजले चढायचे, असा लेकीचा हुकूम होता. पिशवीत पाण्याच्या बाटल्या. शेजारचा न्हावी दाराशी उभा राहून विचारी, "काय थंडोबा, लिफ्ट बंद आहे काय?" बायकोने दोघांच्या जाड विजारी अंगाबरोबर केल्या, खिसे मोठे केले, हातमोजे हरवू नयेत म्हणून त्यांना नाडी लावली. "लहान मुलांना लावतात तशी," थंडोबा कुरकुरला. "मग?" ती म्हणाली, आणि विषय संपला.

नोव्हेंबराच्या सुरुवातीला कुत्रेवालीशी बोलणं झालं. ती तिकडची बाई, चाळीस कुत्र्यांची मालकीण, लोकांना रानात नेऊन सुखरूप परत आणणं हा तिचा धंदा. फोनच्या पडद्यावर ती दिसली तेव्हा तिच्यामागे कुत्र्यांचा असा गलका चालला होता, की थंडोबा खुर्ची मागे घेऊन बसला. तिची भाषा लेकीला येत होती. लेक मध्ये बसून सांगत होती.

"ती विचारतेय, कुत्र्यांची भीती वाटते का?"

"वाटायला लागलीय, सांग."

ते ऐकून कुत्रेवाली मनापासून हसली. मग तिने डावा हात कॅमेऱ्यासमोर धरला. दोन बोटांची टोकं नव्हती. लेकीचा आवाज सांगताना जरा उतरला. "ती म्हणते, एका दुपारी हातमोजा ओला झाला आणि मी बरोबरच्यांना सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून. तुम्हाला काही दुखणं असेल, काही कमीजास्त असेल, तर ते आत्ताच सांगा. छाती, गुडघे, हातपाय. जे काही असेल ते."

लेकीने बापाकडे पाहिलं. कुत्रेवालीनेही पाहिलं. आतून शिलाई मशीनचा आवाज थांबला, म्हणजे बायकोचाही कान इकडेच होता.

"मला काय धाड भरलीय?" थंडोबा म्हणाला.

लेकीने ते बहुधा सभ्य शब्दांत सांगितलं. फोन बंद झाला. त्या दिवसापासून मात्र थंडोबाच्या छातीवर धोंडा बसला. नकाशा समोर आला की पूर्वीसारखा आनंद व्हायचा नाही, चोरी केल्यासारखं वाटायचं.

रंगीत तालमीची कल्पना लेकीची. महिन्याच्या शेवटी तीन नंबरचं चेंबर धुण्यासाठी रिकामं करत. मॅनेजर भला माणूस, त्याने रविवारी सकाळी अर्धा तास दिला. "वाटाणे बाहेर, माणसं आत," असं म्हणून त्याने स्वतः दार उघडलं. बायकोही आली होती. ती बाहेरच्या खोलीत, दाराच्या छोट्या काचेपाशी स्टूल टाकून बसली. "वीस मिनिटं," तिने बजावलं, "एकविसाव्याला मी आरडाओरडा करणार."

आत पंखे घुमत होते. रिकामं चेंबर थंडोबाला ओळखीचं असूनही ओळखू येईना. माल नसला की आवाज घुमतो. दोघांनी तंबू उभा केला. जमिनीत खुंट्या ठोकणं शक्य नव्हतं, म्हणून दोऱ्या माल ठेवायच्या लाकडी पॅलेटना बांधल्या. लेकीच्या जाड हातमोज्यात गाठ काही बसेना. थंडोबाने तिला एकदा दाखवली आणि मग तोंडाने वाफा सोडत उभा राहून तिची मजा बघितली. त्याला बरं वाटत होतं. इथे तो राजा होता.

"आता बूट," घड्याळ बघत लेक म्हणाली. "तळ्यावर मोजे ओले झाले तर एका मिनिटात बदलता आले पाहिजेत. कामाचे काढ, नवे घाल. चल, सुरू."

थंडोबा पॅलेटवर बसला. डावा बूट काढला, नवा घातला. मग उजवा काढला.

"बाबा."

"काय? वेळ चाललाय."

"बाबा, पाय बघ."

राखाडी मोज्यावर शर्टाच्या गुंडीएवढा लाल डाग होता, कडेने वाळलेला. डागाच्या मधोमध खोक्याला मारतात ती जाड पिन रुतून बसली होती. आदल्या दिवशी कामावरच बुटात पडली असणार. तिच्यावर उभा राहून तो दोन जिने उतरला होता, बसस्टॉपपर्यंत चालला होता, आणि आता तंबूही उभा केला होता.

लेकीने गुडघे टेकून ती पिन ओढली. थंडोबा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. पिन निघाली तेव्हा त्याने "आई गं" म्हणायला हवं होतं. ते त्याच्या लक्षात आलं, पण फार उशिरा.

"दुखलं नाही?" तिने विचारलं.

बाहेर बायको काचेवर टकटक करत होती. वीस मिनिटं झाली होती.

कँटीनमध्ये रविवारचं कुणी नव्हतं. मॅनेजरने किटलीभर चहा ठेवून काढता पाय घेतला. बायकोने प्रथमोपचाराच्या पेटीतून पट्टी काढून पाय बांधला आणि अवाक्षरही काढलं नाही. हे वाईट लक्षण होतं.

"कधीपासून?" लेक म्हणाली.

"उन्हाळ्यापासून." मग मात्र थंडोबाला थांबता येईना. त्याने सगळं सांगून टाकलं. बोटं, चपला, वडिलांचा पाय, कुत्रेवालीला मारलेली थाप. "मला वाटलं, एवढी ट्रिप होऊन जाऊ दे. नंतर जे व्हायचं ते होवो. तू एवढा जीव लावून ठरवत होतीस."

आता ही ओरडणार, असं समजून तो मान खाली घालून बसला. लेक ओरडली नाही. तिने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. रडते की हसते तेच कळेना. दोन्ही चाललं होतं.

"फक्त पायाची बोटं?" ती म्हणाली. "एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

"सप्टेंबरातच तू तीनदा जिन्यात अडखळलास, बाबा. मी मोजलंय. परवा अंघोळीहून येताना भिंत धरलीस. आमच्या ऑफिसातल्या एकीच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी तोल जायचा, मग हात गेले, मग बोलणं गेलं. दीड वर्षात अंथरुणाला खिळले. मला वाटलं तुलाही तेच. तुला विचारायची हिंमत होईना. म्हटलं, तू चालतोयस तोवर तुला तो बर्फ दाखवून आणावा. म्हणून फेब्रुवारी. सुट्टी काय, मला कधीही मिळते."

इतके महिने थंडोबा हिच्यापासून लपवत होता, आणि ही त्याच्यापासून. दोघं मिळून पाठीवर बाटल्या घेऊन आठ-आठ मजले चढत होती.

"झालं तुमचं दोघांचं?" बायको पहिल्यांदाच बोलली. "अहो, तुम्ही चपला बघून घालता हे मला जुलैपासून दिसतंय. वाट बघत होते, कधी तोंड उघडता त्याची. उद्या डॉक्टर. मी बरोबर येणार, आणि तिथे जे विचारतील त्याचं उत्तर मी देणार."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना बोलायची सवय कमी होती. त्यांनी थंडोबाला डोळे मिटायला लावले, नायलॉनच्या एका धाग्याने तळव्याला जागोजागी टोचलं, घोट्याच्या हाडावर कंप पावणारा एक चिमटा टेकवला. मग उभं राहून डोळे मिटायला सांगितले. तो डोलला. बायकोने त्याला दंडाला धरलं.

"जीभ दाखवा." त्याने दाखवली. "कुठल्या गोळ्या घेता?"

"कसल्याही नाही."

"पित्ताची घेतात," बायको म्हणाली. "रोज सकाळी. नऊ वर्षं झाली. आणि बूट यांचे एक नंबर लहान आहेत, पण कामावर मिळतात तेच घालतात, बदलून मागायला यांना संकोच वाटतो."

डॉक्टरीणबाईंनी ते सगळं लिहून घेतलं आणि रक्त काढायला पाठवलं.

निकालाला चार दिवस लागणार होते. ते चार दिवस थंडोबाने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. कामावर त्याने आयुष्यात पहिल्यांदा मासे आइसक्रीमच्या रांगेत लावले. वडिलांचा पाय सारखा डोळ्यांपुढे येई. पण एक फरक होता. आता घरात ते सगळ्यांना माहीत होतं. बायको पाय धुऊन, पुसून, पट्टी बदलून द्यायची आणि वर म्हणायची, "एवढ्या मोठ्या पायांचं करायचं काय असतं हो?" लेक रोज कामावरून थेट इकडेच येत होती. लपवताना तो जे एकटा ओढत होता, ते ओझं तिघांत वाटलं गेलं होतं, आणि भीती असूनही थंडोबाला रात्री झोप लागत होती.

पाचव्या दिवशी सकाळी तिघंही दवाखान्यात. खुर्च्या दोनच, म्हणून लेक भिंतीला टेकून उभी. डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा-पालटा केला.

"साखर नॉर्मल आहे."

"म्हणजे किती?" थंडोबाने विचारलं.

"म्हणजे साखर नाही. तुम्हाला मधुमेह नाही. बी-बारा मात्र जवळजवळ नाहीच म्हणावं इतकं कमी आहे. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की असं होऊ शकतं. नसांना बी-बारा लागतंच. म्हणून बोटं बधिर, म्हणूनच तोल जातो. त्यात बूट घट्ट. आजपासून इंजेक्शनं घ्यायची, गोळ्या बदलायच्या, बूटही बदलायचे."

"आणि ते दुसरं?" लेक भिंतीकडूनच म्हणाली. "हात जातात, बोलणं जातं, ते?"

"तसं काहीच दिसत नाही."

लेक भिंतीला टेकल्या टेकल्याच खाली फरशीवर बसली. थंडोबाचा जीव भांड्यात पडला. त्याने डॉक्टरीणबाईंचा हात धरला आणि तो धरलाय हे विसरून गेला. त्यांना तो सोडवून घ्यावा लागला.

"पाय पूर्ण पहिल्यासारखे होतील असं वचन देत नाही," त्या म्हणाल्या. "पण उशीर फार झालेला नाही. बरंच परत येईल. सहा महिने धरून चाला."

"आणि फेब्रुवारी?" थंडोबाने हळूच विचारलं.

"फेब्रुवारीत काय आहे?"

बायकोने सांगितलं. कुत्री, तळं, तंबू, सगळं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. "उणे तीसमध्ये बोटं कळत नसताना? मुळीच नाही. एप्रिलमध्ये बघू."

खरं तर त्याला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो कठडा धरून उतरला, उघडउघड, कुणी बघतंय की नाही याची पर्वा न करता, आणि एवढ्यानेच त्याला इतकं हलकं वाटलं, की तो खाली फुटपाथवर उभा राहून नुसताच श्वास घेत राहिला. बायको म्हणाली, "चला आता, बसस्टॉपवर घ्या श्वास."

कुत्रेवालीला सांगणं बाकी होतं. थंडोबाने लेकीला सांगितलं, तू फक्त शब्द बदलून दे, बोलतो मी. पडद्यावर तीच बाई, तोच गलका. त्याने खाकरून घसा साफ केला.

"मागच्या वेळी मी खोटं बोललो. मला पायाची बोटं कळत नाहीत."

लेकीने सांगितलं. तिकडची कुत्री नेमकी त्याच क्षणी गप्प बसली होती, आणि थंडोबाला वाटलं, संपलं, आता ही फोन ठेवणार.

कुत्रेवाली बराच वेळ बोलत होती. लेकीच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "ती म्हणते, मला कळलं होतं काहीतरी आहे. तू उत्तर द्यायच्या आधी खाली पायांकडे बघितलंस. मी तुला विमानतळावरच पाय दाखवायला लावणार होते आणि परत पाठवणार होते. बरं झालं आधीच सांगितलंस."

"एप्रिलचं विचार."

"विचारलं. एप्रिल उत्तम, म्हणते. दिवस मोठा असतो, उणे पाच-सात, तळं घट्टच असतं. दर तासाला थांबून ती स्वतः तुझी बोटं बघणार. ही अट आहे. आणि तू गाडी हाकायची नाही, गाडीच्या टोपलीत बसायचं, पांघरूण घेऊन."

"म्हणजे सामानासारखं?"

"सामानासारखं."

"विचार, टोपलीतून आकाश दिसतं ना?"

लेकीने विचारलं. कुत्रेवालीने फोन उचलून दार ढकललं आणि बाहेर धरला. पडद्यावर आधी नुसता पांढरा झोत आला, मग हळूहळू रान दिसलं, काळ्या झाडांची रांग, आणि वर स्वच्छ, फिकट निळं, कुठेही न संपणारं. एक कुत्रं मध्येच येऊन कॅमेरा चाटून गेलं. तिघंही एकदम मागे सरकली.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी रोज, मग आठवड्याला. मॅनेजरने मोठ्या नंबरचे बूट मागवले, आणि अर्जावर सही करताना म्हणाला, "एवढंच ना? सव्वीस वर्षांत एकदा तरी तोंड उघडायचंस." जिन्यांचा कार्यक्रम बंद झाला. त्याऐवजी रोज संध्याकाळी लेक आणि तो सपाट रस्त्याने चालत, पाठीवर काही न घेता, आणि सामानाच्या यादीवर भांडत. तिला दुर्बीण न्यायची होती, त्याला तीन थर्मास.

जानेवारीतल्या एका सकाळी अंघोळीनंतर थंडोबा ओल्या फरशीवर उभा राहिला आणि जागच्या जागी थिजला. मग त्याने डावा पाय उचलला, पुन्हा टेकवला. उजवा उचलला, टेकवला. टॉवेल गुंडाळून तो तसाच फोनपाशी गेला.

लेक ऑफिसात होती. "बोल बाबा, काय झालं?"

"फरशी गार आहे," तो म्हणाला.

"कुठल्या बोटाला?"

"अंगठ्याला. उजव्या. आणि शेजारच्यालाही, थोडीशी."

"डाव्या?"

"डाव्याला अजून नाही. डॉक्टर म्हणाल्यात, वेळ लागेल." त्याने पुन्हा एकदा पाय टेकवून खात्री करून घेतली. "आणि ऐक, दुर्बीण घे तू. दोन थर्मास पुरतील."